बर्फावरची बरोबरीची चाल

आपल्या घरांतील नवरा-बायकोचे एकत्र प्रवास एकदा मोजून पाहा. भाचीचे लग्न, कुणाचा जनाजा, मुंबईच्या डॉक्टरची तारीख, लेकीचे बाळंतपण आणि अल्लाहने बोलावले तर उमरा व हज. यातला प्रत्येक प्रवास कशासाठी तरी असतो आणि सोबत गोतावळा असतो. दोघेच आहेत, कुणाच्या घरी जायचे नाही, कुणाला काही पोहोचवायचे नाही, असा प्रवास बहुतेकांच्या वाट्याला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात आला असेल, तोही आला असेल तर.

कोकणातल्या घरांत तर याहून अवघड हिशेब आहे. नवरा कुवेतला, मस्कतला, दम्मामला; बायको इथे सासू-सासरे आणि मुले सांभाळत. दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. लग्नाला तीस वर्षे झाली म्हणून मुले केक आणतात, पण त्या तीस वर्षांतले सोबत राहिलेले दिवस जोडले तर चार-पाच वर्षेही भरत नाहीत. मग तो कायमचा परत येतो. मुले मार्गी लागलेली असतात आणि घरात अचानक दोनच माणसे उरतात. रस्त्याने जाताना मियाँ दहा पावले पुढे, हात मागे बांधून. बीबी मागे, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने ओढणी सावरत. भांडण नसते. एका चालीने चालायची सवयच लागलेली नसते.

या महिन्यात अशा दोघांसाठी एक सफर सुचवते आहे. मुद्दाम सर्वांत गैरसोयीच्या वाटणाऱ्या मोसमातली. डिसेंबरात उत्तर युरोपची तीन शहरे: कोपनहेगन, स्टॉकहोम आणि हेलसिंकी. आम्ही दोघे ती दहा रात्रींत करून आलो. कोपनहेगनमध्ये तीन रात्री, स्टॉकहोममध्ये तीन, एक जहाजावर आणि हेलसिंकीत तीन.

काफिला थांबतो

आधी एक शंका दूर करू. बायकोला घेऊन नुसते फिरायला जाणे ही बाहेरून आलेली टूम आहे, असे काही बुजुर्ग म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) सफरीला निघताना कोणत्या पत्नीने सोबत यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवत, म्हणजे कुणाचे मन दुखावू नये. एका सफरीत त्यांनी बरोबरच्या लोकांना पुढे पाठवले आणि हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. त्या जिंकल्या. पुढे काही काळाने दुसऱ्या सफरीत पुन्हा शर्यत झाली. या वेळी ते जिंकले आणि त्या पहिल्या शर्यतीची ही परतफेड झाली, असे हसून म्हणाले.

तयम्मुमची सवलतही एका सफरीतच मिळाली. हजरत आयशा (रजि.) यांचा गळ्यातला हार हरवला. तो शोधण्यासाठी सगळा काफिला थांबला. जवळ पाणी नव्हते, लोक कुरकुरले, खुद्द वडील हजरत अबूबक्र (रजि.) लेकीवर रागावले. पण काफिला थांबला आणि त्या थांबण्यातून साऱ्या उम्मतीला पाण्याविना पाक होण्याची सवलत मिळाली. हार नंतर त्यांच्याच उंटाखाली सापडला. ही घटना आपण फिकहच्या संदर्भात शंभर वेळा ऐकतो. बायकोच्या हारासाठी काफिला थांबवणारा नवरा मात्र त्यात फारसा पाहत नाही.

हिवाळाच का?

युरोप म्हटले की आपल्याकडे मे महिना आणि चाळीस-पन्नास माणसांची बस. आठ दिवसांत पाच देश. सकाळी सहाला सामान बाहेर ठेवायचे, रात्री अकराला खोलीत पडायचे. उत्तरेच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण असते. दिवस इतका लांब की इशाला मध्यरात्र होते आणि पाठोपाठ फजर.

ही अडचण जुनी आहे. बगदादचे अहमद इब्न फजलान इ.स. 921 मध्ये अब्बासी खलिफाच्या वतीने व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार लोकांकडे निघाले आणि 922 च्या मे महिन्यात तिथे पोहोचले. त्यांनी लिहून ठेवले आहे की तंबूत गप्पा मारत इशाच्या अजानची वाट पाहत होते. अजान झाली म्हणून बाहेर आले, तर उजाडलेले. ती फजरची अजान होती. मुअज्जिनने सांगितले की इथे इशा मगरिबबरोबरच पढतात. हजार वर्षांपूर्वीही नमाजी माणसासमोर उत्तरेच्या आकाशाने हाच प्रश्न ठेवला होता.

हिवाळ्यात सगळे उलटे होते. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा असतो. 21 डिसेंबरच्या सुमारास कोपनहेगनमध्ये सूर्य 8:37 ला उगवतो आणि 3:38 ला मावळतो. स्टॉकहोममध्ये 8:44 ते 2:48, हेलसिंकीत 9:24 ते 3:13. म्हणजे सात तास, सहा तास आणि सहाहूनही थोडे कमी. एवढ्या उजेडात दिवसाला एकच ठिकाण पाहून होते. दुसरे पाहायला निघाले की अंधार. त्यामुळे घाई करण्यासारखे काही उरतच नाही. साठीकडे झुकलेल्या गुडघ्यांना हे मानवते. शिवाय नाताळचा आठवडा सोडला तर उन्हाळ्यापेक्षा गर्दी कमी आणि खोल्याही बहुधा स्वस्त मिळतात.

तीन तासांत तीन नमाजा

घरातून पहिला प्रश्न हाच येतो: नमाजचे काय? उत्तर ऐकून लोक चकित होतात. हिवाळ्यात तिथे नमाज अवघड होत नाही, फक्त एकमेकींजवळ येते.

स्टॉकहोममध्ये डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर असतो. भर दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या सात-आठपट लांब पडते. जुहरची वेळ पावणेबाराला होते. असरची वेळ मध्यान्हीच्या सावलीत वस्तूच्या उंचीएवढी भर पडली की सुरू होते, म्हणून शाफई मसलकप्रमाणे पाऊण वाजण्याच्या आतच असर. हनफी मसलकप्रमाणे दुप्पट भर पडली की, म्हणजे एकच्या सुमारास. आणि पावणेतीनला मगरिब. तीन तासांत तीन नमाजा! इशा साडेपाचच्या आसपास, मग सकाळी सहापर्यंत फजरची वेळ लागत नाही आणि ती पावणेनऊपर्यंत टिकते. गजर न लावता फजर मिळते, ही आमच्यासाठी या सफरीतली मोठी नेमत होती.

मुसाफिराच्या सवलती आहेतच. चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन रकाती होतात. कोकणातली बहुतेक घरे शाफई आहेत. त्यांना सफरीत जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात. घाटावरच्या हनफी घरांनी प्रत्येक नमाज तिच्या वेळेतच पढायची, पण वेळा इतक्या लागून आहेत की जुहर शेवटी आणि असर सुरुवातीला पढली तर एकाच बैठकीत दोन्ही होतात. एका शहरात किती दिवस राहायचे यावरही सवलत अवलंबून आहे. येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहण्याचा इरादा असेल तर शाफईंना कस्र नाही. हनफींसाठी ही मर्यादा पंधरा दिवसांची आहे. निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

किबल्याचीही गंमत आहे. जन्मभर आपण पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलो. तिथे मक्का आग्नेयेला येते आणि जसजसे पूर्वेकडे सरकावे तसतसा किबला दक्षिणेकडे वळत जातो. कोपनहेगनपेक्षा हेलसिंकीत तो वीस अंशांनी दक्षिणेकडे असतो. प्रत्येक शहरात पहिल्या रात्री होकायंत्र काढून खोलीतली दिशा ठरवणे, हे आमचे पहिले काम असे.

आणि वुजू. थंडीत परक्या ठिकाणच्या बेसिनमध्ये पाय उचलून धुणे हे बायकांना नकोसे होते. इथे चामड्याच्या मोज्यांवरचा मसह कामी येतो. सकाळी खोलीत पूर्ण वुजू करून मोजे चढवायचे, त्यानंतर वुजू करताना पाय न धुता मोज्यांवर ओला हात फिरवायचा. मुसाफिराला ही सवलत तीन दिवस-तीन रात्री आहे. साध्या लोकरी मोज्यांबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत, म्हणून चामड्याचे जोड इथूनच नेलेले बरे.

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडचे ट्रोम्सो मात्र या सफरीत धरू नये. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. अशा ठिकाणचे मुसलमान उलमांच्या सल्ल्याने मक्केच्या किंवा जवळच्या शहराच्या वेळा पाळतात. पहिल्याच सफरीत तो प्रश्न अंगावर घेण्याचे कारण नाही.

कोपनहेगन: जिन्याविना मनोरा

डेन्मार्कच्या राजधानीत डिसेंबरात बर्फ पडेलच असे नाही. हवा शून्याच्या थोडी वर, दमट आणि वारा बोचरा. तिथला गोल मनोरा 1642 मध्ये पुरा झाला. उंची सुमारे 35 मीटर, पण आत जिना जवळजवळ नाहीच. विटांचा रुंद चढ मनोऱ्याला वेढे घालत वर जातो. दोघे शेजारी शेजारी चालत वर जाऊ शकतात, दम लागला की खिडकीत थांबायचे. दिवसभराचा आमचा तेवढाच कार्यक्रम होता.

दुसऱ्या दिवशी डेव्हिड संग्रहालय. सी. एल. डेव्हिड या डॅनिश वकिलाने आपल्या घरात उभारलेला हा कलासंग्रह आज युरोपातल्या इस्लामी कलेच्या नामवंत संग्रहांत गणला जातो. स्पेनपासून हिंदुस्थानपर्यंतची भांडी, गालिचे, जाळ्या आणि कुरआनची हस्तलिखित पाने. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. बाहेर चारला मिट्ट काळोख आणि आत काचेमागे कुफी अक्षरे. शेजारी एक डॅनिश आजी आपल्या नातवाला ती उजवीकडून डावीकडे वाचतात हे बोट फिरवून दाखवत होत्या.

नॉरेब्रो भागात तुर्की, अरबी, पाकिस्तानी दुकाने भेटतात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तुर्कस्तान, पाकिस्तान आणि युगोस्लाव्हियातून कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांची ही दुसरी-तिसरी पिढी. 1973 मध्ये डेन्मार्कने कामगार घेणे थांबवले, तेव्हा अनेकांनी परत न जाता बायका-मुलांना बोलावून घेतले. त्यांच्या आणि आपल्या आखाती कहाणीतला फरक इथेच आहे. त्यांची कुटुंबे नोकरीच्या गावी एकत्र झाली. आपली बहुतेक तुटूनच राहिली. शहरात 2014 मध्ये मोठे इस्लामी केंद्रही उभे राहिले, मिनार असलेले.

एक कायदा माहीत असावा. डेन्मार्कमध्ये 1 ऑगस्ट 2018 पासून सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास बंदी आहे. स्कार्फ किंवा हिजाबला नाही, नकाबला आहे, आणि पहिला दंड 1000 क्रोनरचा आहे. थंडीसाठी मफलर तोंडावर घेतला तर चालते. ज्या भगिनी नकाब घेतात त्यांनी हे शहर निवडताना याचा विचार करावा.

स्टॉकहोम: वीजकेंद्राची मस्जिद

कोपनहेगनहून स्टॉकहोमला रेल्वेने सुमारे पाच तास लागतात. वाटेत 2000 मध्ये सुरू झालेला ओरेसुंद पूल येतो. आधी समुद्राखालचा बोगदा, मग मानवनिर्मित बेट, मग पूल. रूळ एका देशातून निघतात आणि दुसऱ्या देशात उतरतात.

स्टॉकहोमच्या दक्षिण भागातली मोठी मस्जिद मुळात वीजकेंद्र होते. फर्डिनांड बोबर्ग या वास्तुरचनाकाराने बांधलेली ही इमारत 1903 ची. त्यांच्या कामावर इस्लामी वास्तुकलेचा प्रभाव होता, म्हणून विटांच्या त्या इमारतीच्या उंच खिडक्या मस्जिदीला परक्या वाटत नाहीत. 2000 मध्ये तिथे नमाज सुरू झाली. जुम्याला सोमाली, बोस्नियाई, इराकी, तुर्क सगळे एका सफेत. स्त्रियांसाठी वेगळी जागा आहे. कोट काढून ठेवताना एका बोस्नियाई बाईने माझ्या पायांकडे पाहिले आणि हातवारे करून विचारले, काटे कुठे आहेत?

ते काटे म्हणजे बुटाच्या तळाला रबराने बसवायचे लोखंडी दात. पावसाळ्यातल्या शेवाळासारखा तिथल्या पदपथावरचा बर्फ असतो, फक्त दिसत नाही. पालिका खडी पसरते, तरी रात्रीत पुन्हा काच तयार. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काटे घेतले. त्याआधीच्या संध्याकाळी मात्र नेहमीप्रमाणे पुढे गेलेले आमचे हे एका उतारावर मधोमध थांबले. ना पुढे पाऊल, ना मागे. मी पोहोचले तेव्हा म्हणाले, “तू धर मला. आणि हळू चल.” इतक्या वर्षांत हे वाक्य मी प्रथमच ऐकले. बर्फावर चालायची रीत तिथली पोरेही जाणतात: पावले छोटी, गुडघे सैल, अंगाचा भार पुढच्या पायावर, बदकासारखे. ती चाल दोघांना एकच ठेवावी लागते, नाहीतर एकाच्या झटक्याने दुसरा पडतो. पुढचे दिवस आम्ही तसेच चाललो.

स्वीडनच्या ऐतिहासिक संग्रहालयात व्हायकिंग काळातली चांदी पाहावी. त्यात अरबी अक्षरांची दिरहम नाणी आहेत. समरकंद आणि बगदादकडची ही चांदी नवव्या-दहाव्या शतकात रशियातल्या नद्यांवरून इथवर आली. बदल्यात फर आणि गुलाम गेले. स्वीडनच्या गोटलंड बेटावर 1999 मध्ये स्पिलिंग्स गावच्या शेतात सुमारे 67 किलो चांदी सापडली. तिच्यात 14 हजारांहून अधिक नाणी होती, बहुतेक सगळी इस्लामी जगतातली. कलिमा कोरलेली नाणी त्या शेतात हजार वर्षांहून अधिक काळ पडून होती.

13 डिसेंबरला तिथे लूसियाचा सण असतो. पहाटेच्या अंधारात पांढऱ्या झग्यातल्या मुली डोक्यावर दिव्यांचा मुकुट घेऊन गात जातात. सण त्यांचा, पण काळोखाच्या ऐन दिवसांत दिवा लावण्याची माणसाची गरज आपल्यालाही कळते.

जहाज आणि हेलसिंकी

स्टॉकहोमहून हेलसिंकीला रात्रभराचे जहाज जाते. संध्याकाळी निघते, सकाळी पोहोचते. वाटेत ओलांड बेटांना थांबते, कारण ती बेटे युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेर आहेत आणि थांबा घेतला की जहाजावर करमुक्त विक्री करता येते. ही विक्री बहुतांशी दारूची. रात्री नाच-गाण्यांचा गोंगाट असतो. तेव्हा केबिन वरच्या शांत मजल्यावरची घ्यावी, जेवण सोबत ठेवावे आणि मगरिब-इशा आटोपून खिडकीशी बसावे. बाहेर हजारो बेटांमधले एकेक दिवे सरकत जातात.

हेलसिंकीत आपल्याला भेटतात तातार. रशियातल्या निझनी नोव्हगोरोद प्रांतातल्या खेड्यांतून 1870 च्या दशकापासून फर आणि कापड विकायला आलेले हे मुसलमान व्यापारी. फिनलंडने 1922 मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला आणि 1925 मध्ये त्यांची जमात अधिकृतपणे नोंदली गेली. स्वीडन-डेन्मार्कमध्ये मुसलमान कामगार येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आज ते हजाराच्याही आत आहेत, पण शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही घरात तातार बोलतात, बाहेर फिनिश, आणि नमाज कायम. 1939 च्या युद्धात त्यांची मुले फिनलंडच्या फौजेत लढली. मायबोली, दीन आणि देश तिन्ही सांभाळता येतात, हे मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला कुणी शिकवायला नको, तरी पाहून बरे वाटते.

शहरातले ओओदी हे सार्वजनिक वाचनालय डिसेंबर 2018 मध्ये उघडले. कुणीही यावे, बसावे, फी नाही. आत ऊब, खुर्च्या, मुलांचा गलबला. बाहेर उणे तापमान असताना दोन म्हाताऱ्यांनी दुपार घालवायला याहून चांगली जागा नाही. तिथल्या सौन्याचे लोक फार कौतुक करतात. सार्वजनिक सौना बहुधा स्त्री-पुरुषांचा वेगळा असतो, पण आत कपडे न घालण्याची रीत असल्याने हया आड येते. काही मुक्कामाच्या जागी दोघांसाठी स्वतंत्र सौना तासावर मिळतो. तो घ्यावा, नाहीतर सोडून द्यावा.

लांब रात्र

या सफरीतले खरे काम खोलीत होते. पावणेतीनला सूर्य गेला की झोपेपर्यंत सात-आठ तास उरतात. भाषा येत नाही म्हणून टीव्ही नाही, ओळखीपाळखीचे कुणी नाही, दारावर कुणी येत नाही. पहिल्या दोन रात्री आम्ही मुलांबद्दल बोललो. तिसऱ्या रात्री मुलांचे विषय संपले.

मग हळूहळू बाकीचे निघाले. आखातात पहिल्या वर्षी आठ जणांच्या खोलीत ईदच्या दिवशी काय शिजवले होते, हे मला प्रथमच कळले. धाकट्याला टायफॉइड झाला तेव्हा मी पत्रात का लिहिले नव्हते, हे ह्यांना प्रथमच कळले. कुणी कुणाला दोष दिला नाही. इतक्या वर्षांचे न बोललेले बोलायला सलग रात्री लागतात आणि घरी रात्र कधी सलग मिळत नाही. उन्हाळ्यात गेलो असतो तर अकरापर्यंत उजेडात फिरलो असतो, फोटो काढले असते आणि दमून झोपलो असतो.

व्यवहाराचे थोडे

तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. प्रौढाला फी 90 युरो, सोबत किमान 30,000 युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्या वकिलातीकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबू नये. 24 ते 26 डिसेंबरला दुकाने आणि बरीचशी वाहतूक बंद किंवा तुरळक असते, तेव्हा त्यापूर्वी परतावे.

मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या खोलीत करावा. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. खिमा तर नाहीच, तूप-पेढेही नाहीत. तांदळाचे पीठ, डाळ, लोणचे, खजूर चालतात. तिथे सामन आणि हेरिंग मासे उत्तम मिळतात, त्यामुळे कोकणी माणूस उपाशी राहत नाही. हलाल मांसाबाबत एक माहिती असावी. स्वीडनमध्ये 1930 च्या दशकापासून आणि डेन्मार्कमध्ये 2014 पासून जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय जबह करता येत नाही. तिथले हलाल मांस एकतर तसे किंवा बाहेरून आलेले असते. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी मासे-भाजीवर राहावे. हिवाळ्यात रस्तोरस्ती मिळणारे मसाल्याचे गरम पेय म्हणजे ग्लॉग. त्यात वाईन असते. बिनदारूचेही मिळते, विचारून घ्यावे. मिठाईतल्या जिलेटिनचीही चौकशी करावी.

कपडे थरांनी घालावेत: आतून लोकरीचे अंगालगत, मग सलवार-कमीज, वर स्वेटर आणि गुडघ्यापर्यंतचा कोट. सलवारीची मोहोरी बुटात खोचावी, नाहीतर ओली होऊन गोठते. आणि बुटाचे काटे पहिल्याच दिवशी घ्यावेत.

पैशाचा प्रश्न

हा इस्राफ नाही का, असे विचारणाऱ्यांना उत्तर द्यायलाच हवे. हज फर्ज झाला असून राहिला असेल तर आधी हज. कर्ज असेल तर आधी कर्ज. जकात बाकी असेल तर आधी जकात. मुलाच्या लग्नात हजार पानांची दावत घालण्यासाठी कर्ज काढणाऱ्या, वर्षातून दोनदा मोटार बदलण्याच्या गोष्टी करणाऱ्या घराने मात्र आई-वडिलांच्या दहा दिवसांकडे बोट दाखवू नये. आणि ज्यांना युरोप परवडत नाही त्यांच्यासाठीही ही सफर बंद नाही. डिसेंबरात पन्हाळ्याला जावे, दापोलीला जावे, चार दिवस दोघांनीच. फोन मुलांना सांगून बंद ठेवावा. थंडी कमी असेल, रात्र थोडी लहान असेल, पण बोलायला पुरेल.

ज्या भगिनींचे मियाँ यंदा कायमचे परतले आहेत, त्यांनी हा अंक त्यांच्या उशाशी ठेवावा. आणि ज्या बंधूंनी इथवर वाचले, त्यांना एवढेच सांगणे आहे: आज मगरिबनंतर बाजारात जाल तेव्हा सोबत घेऊन जा, आणि पावले छोटी टाका. अल्लाह सर्व मुसाफिरांची सफर आसान करो. आमीन.